खिशातला गायगर काउंटर: पोटॅशचं पोतं, हळद आणि जैतापूरचा वाद

मोबाइलएवढा, एका बाजूला जाळी आणि आत काचेची नळी असलेला गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, आता ऑनलाइन चार ते सहा हजारांच्या दरम्यान सहज मिळतो. अणुविजेचा, विशेषतः कोकणातल्या जैतापूरच्या नियोजित प्रकल्पाचा, विषय निघाला की दोन्ही बाजूंना तो आपला साक्षीदार वाटतो. एक जण पडद्यावरचा 0.12 दाखवून ‘बघा, काही नाही’ म्हणतो. दुसरा कुठेतरी 0.35 पाहून ‘बघा, सुरू झालं’ म्हणतो. दोघांनीही यंत्राला त्याच्या पोचेबाहेरचा प्रश्न विचारलेला असतो. यंत्र वाईट नाही. त्याचं काम नेमकं कोणतं, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, एवढाच त्याचा दोष. म्हणून हा परीक्षणाचा खटाटोप, सातारा-सांगलीत सहज हाती येणाऱ्या वस्तूंवर.

आधी खरेदीतली फसगत. ‘रेडिएशन मीटर’ असं शोधलं की हजार-दीड हजारांची यंत्रं सर्वात वर येतात. ती मोबाइल टॉवर आणि विजेच्या तारांभोवतीचं क्षेत्र मोजतात. किरणोत्साराशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ओळख सोपी आहे: पडद्यावरचं एकक व्होल्ट प्रति मीटर किंवा मायक्रोटेस्ला असेल तर घेऊ नका. मायक्रोसिव्हर्ट प्रति तास, म्हणजे शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराच्या माऱ्याचं माप, आणि सीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, ही दोन्ही मापं दाखवत असेल तरच तो गायगर. सीपीएम न दाखवणारं मॉडेल टाळाच. कारण मोजणी ठोक्यांची होते, सिव्हर्ट हा त्यावरून मांडलेला हिशेब असतो.

आत काय असतं? पेन्सिलीच्या जाडीची, कमी दाबाचा वायू भरलेली नळी. स्वस्त यंत्रांत बहुधा जे३०५ जातीची काचेची, थोड्या महागात रशियन बनावटीची एसबीएम-२० ही धातूची. तिच्यावर 400 व्होल्टच्या आसपास दाब असतो. किरणोत्सारी पदार्थातून निघालेला बीटा कण किंवा गॅमा किरण आत शिरून वायूचं आयनीभवन झालं, म्हणजे त्याचे अणू विद्युतभारित झाले, की विजेचा एक झटका, तोच एक ठोका. कण कुठल्या मूलद्रव्याचा होता, किती ऊर्जेचा होता, हे नळीला कळत नाही. दारावरची बेल कोणी वाजवली ते बेलला कळत नाही, तसंच.

हौशी लोकांसाठी उघड्या बोर्डाचं किटही मिळतं आणि शाळेच्या प्रयोगशाळेला तेच बरं. पण तीन ठिकाणी माणसं हमखास अडकतात. पहिलं, नळीचे धन-ऋण उलटे बसवणं. दुसरं, काचेची नळी क्लिपमध्ये दाबून बसवताना टोकाला तडा जाणं. क्लिप आधी पक्कडीने थोडी सैल करावी. तिसरं, साध्या मल्टिमीटरने दाब तपासणं. मल्टिमीटरचा अंतर्गत रोध 10 मेगाओहमच्या घरात असतो आणि बोर्डाची ताकद इतकी नाजूक, की मीटर लावताच दाब कोसळतो. 400 चे 200 दिसतात, मग माणूस स्क्रू फिरवून दाब वाढवत बसतो आणि नळीचं आयुष्य खातो. मोजायचंच असेल तर टोकाशी एक गिगाओहमचा रोध जोडून मोजावं. आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो, तेव्हा लगेच बोट लावू नये.

काचेच्या नळीची आणखी एक खोड म्हणजे तिला ऊन चालत नाही. थेट सूर्यप्रकाशात ती खोटे ठोके देते. साताऱ्याच्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर उघडं किट ठेवून ‘दुपारी किरणोत्सार वाढतो’ असा शोध लावणं अगदी सोपं आहे. नळीवर काळी टेप किंवा काळी पातळ प्लास्टिक नळी चढवली की शोध मावळतो.

आता आकड्यांकडे. काहीच नसताना अशी नळी मिनिटाला साधारण 15 ते 25 ठोके देते. हे ठोके यदृच्छया पडतात, म्हणून त्यांच्यात वर्गमुळाइतका चढउतार असतोच. सरासरी 20 असेल तर एका मिनिटात 12 पडतील, पुढच्यात 28. दोन्ही वाचनं निरोगी. दहा मिनिटं मोजलं तर 200 ठोके, त्यात 14 ची डगमग, म्हणजे 7 टक्के. तासभर मोजलं तर 1200 ठोके, डगमग 3 टक्क्यांच्या आत. पडद्यावर मात्र दर सेकंदाला दोन दशांश स्थळांचा आकडा बदलत असतो आणि त्या थाटामुळे तो अचूक वाटतो. दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ मोजलेला कुठलाही आकडा सभेत सांगू नये, व्हॉट्सॲपवर तर नाहीच.

नळी आणि बोर्ड जिवंत आहेत का, हे तपासायला किरणोत्सारी स्रोत लागतो. तो कृषी सेवा केंद्रात मिळतो. म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे 0:0:60. नैसर्गिक पोटॅशियममध्ये पोटॅशियम-40 हा किरणोत्सारी भाऊ असतोच, सव्वाशे कोटी वर्षांच्या अर्धायुष्याचा, म्हणजे एवढ्या काळात तो निम्मा उरतो. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे 31 विघटनं होतात, म्हणजे 31 बेकरेल. 60 टक्के पोटॅशचं खत म्हणजे सुमारे 50 टक्के पोटॅशियम. एका किलोत झाले पंधरा हजार बेकरेल आणि पन्नास किलोच्या पोत्यात साडेसात लाखांच्या वर. तासगाव-मिरजेकडे द्राक्षाला क्लोराइड नको म्हणून 0:0:50 वापरतात. त्यात प्रमाण थोडं कमी, तरी प्रयोगाला पुरेसं. (लाल पोटॅश आणि पांढरं पोटॅश यांत किरणोत्साराचा फरक नाही. लाली लोखंडाची.)

कृती अशी. आधी रिकाम्या टेबलावर दहा मिनिटांचे ठोके मोजून लिहून ठेवा. मग किलोभर पोटॅश पातळ पिशवीत भरून दोन-तीन सेंटिमीटर जाडीचं सपाट करा, जाळीची बाजू खाली करून यंत्र त्यावर ठेवा आणि पुन्हा दहा मिनिटं मोजा. नळी चांगली असेल तर ठोके दीडपट ते दुप्पट होतात. आता मध्ये तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घाला. वाढ जवळजवळ नाहीशी होते, कारण ती बहुतांश बीटा कणांची होती आणि हे कण दोनेक मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये अडतात. या एका प्रयोगात यंत्राची परीक्षाही होते आणि मोठी गोम उघडी पडते: पोटॅशवर ठेवल्यावर पडद्यावर जो मायक्रोसिव्हर्टचा आकडा येतो तो निरर्थक असतो. ठोक्यांचं सिव्हर्टमध्ये रूपांतर सीझियम-137 (अणुभट्टीत तयार होणारं किरणोत्सारी मूलद्रव्य) सारख्या गॅमा स्रोताच्या हिशेबाने बसवलेलं असतं. जे३०५ साठी अंदाजे 120 ते 150 ठोक्यांना एक मायक्रोसिव्हर्ट प्रति तास. बीटाचे ठोके त्याच सूत्रात घातले की उगाच फुगलेला डोस दिसतो. ‘0.35 आला’ या बोंबेचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं.

उलट दिशेची चूकही आहे. नळीच्या घडणीतच काही ठोके मुरलेले असतात. जाड शिशाच्या पेटीत ठेवली तरी ती शून्यावर येत नाही. आपला कातळ बेसाल्टचा, म्हणजे युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तिन्ही ग्रॅनाइटच्या मानाने फारच कमी. त्यामुळे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी किंवा सांगलीत कृष्णेच्या घाटावर पडद्यावर जो आकडा दिसतो, त्यात नळीचा स्वतःचा हिस्सा बराच असतो आणि खरी पातळी त्याहून कमी असते. महाबळेश्वरला 1350 मीटरवर अवकाशातून येणाऱ्या किरणांचा वाटा थोडा वाढतो, पण तो फरक पकडायलाही तास-दोन तासांची मोजणी हवी.

घरातली सर्वात बोलकी जागा स्वयंपाकघर. किचन ओट्याचा काळा ‘ग्रॅनाइट’ भूशास्त्राच्या दृष्टीने बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट, बेसाल्टचाच चुलत भाऊ. त्यावर यंत्र गप्प राहतं. इलकलकडचा लाल ग्रॅनाइट पायरीला बसवला असेल तर तिथे ठोके चढलेले दिसतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. बंगळूरकडची सगळी जमीनच तशा खडकाची आहे आणि माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जुन्या पेट्रोमॅक्सची मॅन्टल मिळाली तर मात्र जपून. तिच्यात थोरियम ऑक्साइड असतो, यंत्र तिच्यावर कडाडतं. बंद पिशवीतूनच मोजा. ती चुरली तर पूड नाकात जाऊ देऊ नये.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: याने अन्न तपासता येईल का? नाही. हे ‘नाही’ नुसतं ऐकून सोडण्यासारखं नाही, त्याचा हिशेब बघा. फुकुशिमाच्या 2011 च्या अणुदुर्घटनेनंतर जपानने एप्रिल 2012 पासून सर्वसाधारण अन्नात सीझियमची मर्यादा किलोला 100 बेकरेल ठेवली. दुधाला आणि बाळांच्या अन्नाला 50, पिण्याच्या पाण्याला 10. आता सांगलीचं बघू. हळदीच्या शंभर ग्रॅममध्ये पोटॅशियम दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोला सहाशेच्या वर बेकरेल. बेदाण्यात किलोला सव्वादोनशेच्या घरात. हे सगळं नैसर्गिक पोटॅशियम-40, आपल्या प्रत्येकाच्या शरीरात असं चार हजारांच्या आसपास बेकरेल कायम असतं आणि जपानची मर्यादा त्याला लागू नाही. पण यंत्राला पोटॅशियम आणि सीझियम वेगळे ओळखता येत नाहीत, हा मुद्दा.

त्याहून मोठा मुद्दा संवेदनशीलतेचा. किलोभर पोटॅशचे पंधरा हजार बेकरेल मिनिटाला फार तर वीसेक ठोके वाढवतात. त्या प्रमाणात सहाशे बेकरेलची हळद एक ठोकासुद्धा धड वाढवणार नाही आणि 100 बेकरेल म्हणजे ठोक्याचा सातवा-आठवा भाग. वीस ठोक्यांच्या गर्दीतून एवढीशी वाढ खात्रीने वेगळी काढायची तर आठवडाभर नुसती पार्श्वभूमी आणि आठवडाभर नमुना मोजत बसावं लागेल. तोवर हवामान बदलून पार्श्वभूमीच हललेली असते. अन्नाची तपासणी शिशाच्या जाड कवचात ठेवलेल्या गॅमा स्पेक्ट्रोमीटरवर होते. ते यंत्र ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखतं, सीझियमचा 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा ठसा आणि पोटॅशियमचा 1460 चा वेगवेगळा दाखवतं. खिशातला गायगर मासळीवर किंवा दुधाच्या पिशवीवर फिरवून दिलेला ‘सुरक्षित’ हा शिक्काही तितकाच पोकळ.

ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ, त्याचंही तेच. आपल्याकडच्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या आहेत, त्यांच्या गळतीच्या बातमीत ट्रिटियम असतोच. कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्रात 2009 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये तो मिसळला गेला होता. ट्रिटियमचा बीटा कण इतका दुबळा, की हवेत काही मिलिमीटर चालून थांबतो. काच भेदायची बातच नको. ट्रिटियम मिसळलेल्या पाण्याच्या ग्लासात हा काउंटर धरला तरी तो निवांत टिकटिकत राहील.

मग याचा उपयोग कुठे? याचं सर्वात स्पष्ट उत्तर फुकुशिमाच्याच कथेत आहे. 11 मार्च 2011 ला भूकंपानंतर भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. घात केला तो पाऊणएक तासाने आलेल्या त्सुनामीने. केंद्राचा आराखडा 5.7 मीटरच्या लाटेचा, लाट आली 14-15 मीटरची. तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले आणि तीन भट्ट्यांचा गाभा वितळला. 15 मार्चला वारा वायव्येकडे फिरला आणि पाऊस-बर्फाबरोबर सीझियम, आयोडीन खाली उतरलं. सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या इइताते गावात त्या संध्याकाळी तासाला 45 मायक्रोसिव्हर्टच्या आसपास नोंद झाली, नेहमीच्या कित्येकशे पट. सक्तीने रिकामं केलेलं वर्तुळ तेव्हा वीस किलोमीटरचं होतं. इइताते रिकामं करण्याचा निर्णय एप्रिलमध्ये झाला.

अशा ठिकाणी पाच हजारांचं यंत्र पुरेपूर कामाचं. 45 मायक्रोसिव्हर्टला ही नळी मिनिटाला पाच-सहा हजार ठोके देईल. तिथे वर्गमुळाचा हिशेब करायची गरज नाही, बहिऱ्यालाही कळेल. जपानमध्ये लोकांनी गाड्यांना मीटर लावून रस्तोरस्ती नकाशे केले ते याच जोरावर. सेफकास्ट हा त्यातला गाजलेला उपक्रम. त्यांच्या यंत्रात मात्र चपटी, पातळ अभ्रकाच्या खिडकीची मोठी नळी होती, आपल्या पेन्सिल-नळीपेक्षा कितीतरी तिखट. मग लोकांचा वाद ‘आहे की नाही’ वरून ‘किती आहे, कुठल्या वाडीत’ इथवर आला आणि सरकारला आकड्यांनी उत्तर द्यावं लागलं. किरणोत्सार बसलेल्या जागांच्या शुद्धीकरणासाठी जपानने धरलेला तासाला 0.23 मायक्रोसिव्हर्टचा उंबरठा मात्र या यंत्राला जेमतेम झेपतो. तिथे दहा मिनिटांची शिस्त हवीच.

दुसऱ्या टोकाला यंत्र पुन्हा नालायक ठरतं. प्रत्येक ठोक्यानंतर नळी शंभर-दोनशे मायक्रोसेकंद आंधळी असते. तासाला एक मिलिसिव्हर्टच्या पातळीला पावएक ठोके असेच बुडतात. त्याच्या बऱ्याच वर गेलं की नळी गुदमरते आणि काही स्वस्त मॉडेलं चक्क कमी आकडा किंवा शून्य दाखवतात. फुकुशिमाच्या मुख्य दरवाजावर 15 मार्चच्या सकाळी तासाला 12 मिलिसिव्हर्टच्या जवळ नोंद झाली होती. तिथे हे यंत्र नेऊन ‘काही नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसता, पण चुकत असता. चेर्नोबिलच्या पहिल्या रात्री हाताशी असलेले मापक तासाला 3.6 रोंटगेनच्या (किरणोत्साराचं जुनं एकक) पुढे जातच नव्हते आणि तोच आकडा खरा म्हणून वर कळवला गेला. मापकाची कमाल मर्यादा म्हणजे मोजलेली पातळी नव्हे. घेताना पुस्तिकेत एवढं बघा: मर्यादा ओलांडली की पडदा ‘ओव्हर’ दाखवून अडतो का? अडत नसेल तर तो विकत घेऊ नये.

जैतापूरचं म्हणाल तर राजापूर तालुक्यातली माडबनची जागा साताऱ्यापासून आणि सांगलीपासून सरळ रेषेत सुमारे 140 किलोमीटर. प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा भट्ट्या नियोजित आहेत, अजून एकही उभी नाही. तेव्हा आज इथे मीटर फिरवून जैतापूरबद्दल काहीच सिद्ध होत नाही, ना बाजूने ना विरोधात. साताऱ्यात या वादात 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप निघतो आणि तो निघायलाच हवा. पण त्याची उत्तरं भट्टीच्या पायाच्या खडकात, जनरेटर किती उंचीवर ठेवले आहेत यात आणि वीज पूर्ण गेल्यावर गाभा किती तास थंड राहतो यात आहेत. टिकटिकीत नाहीत.

मीटरवाल्याने आज करण्याजोगं काम एकच: स्वतःच्या जागेची पार्श्वभूमी नोंदवून ठेवणं. एकच जागा, जमिनीपासून एक मीटर उंची, आठवड्यातून एकदा, तासभर. ठोके, तारीख, वेळ आणि पाऊस होता का, एवढं वहीत. पावसाचा रकाना विसरू नका. हवेतल्या रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सारी वायूची पिल्लं, म्हणजे त्याच्या विघटनातून होणारी शिसं-214 आणि बिस्मथ-214, पावसाबरोबर खाली येतात आणि वळवाच्या सरीनंतर ठोके चढतात. गाडीचं बॉनेट पाऊस थांबताच कागदी रुमालाने पुसून तो नळीखाली धरा. ठोके वाढलेले दिसतील आणि अर्ध्या-पाऊण तासात वाढ निम्म्यावर येईल. ही झपाट्याने उतरणारी वाढ रेडॉनची. सीझियम असतं तर दुसऱ्या दिवशीही आकडा तिथेच राहिला असता, त्याचं अर्धायुष्य 30 वर्षांचं. पावसानंतरची अफवा मोडायला एवढा एक रुमाल पुरतो.

गजर मुळात बहुधा 0.5 मायक्रोसिव्हर्टला लावलेला येतो. मिरजेत दवाखान्यांची दाटी मोठी. थायरॉइडसाठी आयोडीन-131 घेतलेला किंवा हाडांचा स्कॅन करून आलेला रुग्ण एसटीत शेजारी बसला तरी गजर वाजू शकतो. तेवढ्यावरून गडबड करू नये. स्कॅनच्या टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं असतं.

गजर मनावर घ्यायची जागा म्हणजे भंगार. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-60 चा टाकून दिलेला स्रोत फोडला गेला आणि एका कामगाराचा जीव गेला. कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांत आणि भंगाराच्या गोदामांत रोज मिश्र माल येतो. तिथे वजनकाट्याजवळ असं एक यंत्र गजर लावून टांगणं, हा या किमतीतला सर्वात शहाणा वापर. वाजलं तर ढिगाला हात लावायचा नाही. मागे सरायचं: अंतर दुप्पट झालं की मारा चौथाईवर येतो. माणसं दूर करायची, 112 किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 लावायचा.

बाकी किरकोळ. पावसाळ्यात दमट हवेने बोर्डावर 400 व्होल्टची गळती होऊन भलतेच ठोके पडतात, विशेषतः महाबळेश्वर-पाटणकडे. सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवावं. टिकटिक आवाज बंद करता येतो, रात्रीच्या मोजणीला ते लागतंच. चार्जिंग चालू असताना मोजू नका, हलक्या चार्जरचा गोंगाट ठोक्यांत मिसळतो. नळी फुटली तर सुटी मिळते, बदलायला पाच मिनिटं, पण वॉरंटीत ती धरत नाहीत. काचेची असेल तर एक जास्तीची मागवून ठेवा. पंचवीस हजारांच्या वर जायची तयारी असेल तर छोट्या स्फटिकाचं स्पेक्ट्रमवालं यंत्र घ्यावं. ते पोटॅश आणि सीझियम वेगळे दाखवतं. हळदीत किलोला 100 बेकरेल मात्र तेही पकडणार नाही.